झोपलेलं बी आणि टपून बसलेलं बी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांनी फेब्रुवारीत निवडुंगाच्या मिश्र बियांची एक पुडी मागवली होती. दीड महिन्यानं कुंडी हातात घेऊन ते वर आले. "बी खोटं निघालं. एकसुद्धा कोंब नाही." काकांचं लहानपण बार्शीकडच्या कोरडवाहू रानात गेलेलं. ज्यानं दहाव्या वर्षी चाड्यावर मूठ धरली तो माणूस पेरणीत चुकेल, असं मला वाटेना. चमच्यानं वरची माती हलकेच बाजूला केली, तर बोटाच्या एका पेराइतक्या खोलीवर खसखशीपेक्षा जरा मोठे काळे दाणे जसेच्या तसे पडलेले. काकांनी निवडुंग ज्वारीसारखा पेरला होता.

ते दाणे वेचून मी ओल्या वाळूवर नुसते मांडले, डब्याला वरून पिशवी बांधली आणि तो खिडकीत ठेवला. सहाव्या दिवशी त्यात अकरा हिरवे मणी दिसले.

"म्हणजे बी झोपलं नव्हतं तर," काका म्हणाले.

"नाही काका, अंधारात होतं."

निवडुंगाचं बी उगवलं नाही की पहिला संशय पुडी विकणाऱ्यावर जातो आणि दुसरा सुप्तावस्थेवर. मग उपायांची रांग लागते: कोमट पाणी, पॉलिशपेपर, फ्रिज, ॲसिड, जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या बियांना लागू पडतो, हे खरंच. पण कुंड्यांतून हौसेनं वाढवल्या जाणाऱ्या बहुतेक गोल निवडुंगांना, म्हणजे मॅमिलेरिया, ॲस्ट्रोफायटम, जिम्नोकॅलिशियम यांना, त्यातलं काहीही लागत नाही. उलट नको ते उपचार करून चांगलं बी मारल्याची उदाहरणं माझ्याच गच्चीवर पुष्कळ आहेत.

बियांची झोप म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात बघता येतं. मटकी रात्रभर भिजवली, उपसून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. पण त्या मुठीत दोन-चार दाणे खड्यासारखे तसेच राहतात. ते गणंग. गणंगाची अडचण एवढीच असते, की त्याच्या सालीतून पाणी आत शिरत नाही. त्या सालीला नखाएवढा ओरखडा पाडून पुन्हा भिजत घाला, तोही मोड काढतो. कडधान्यांच्या कुळातली ही झोप सालीची आहे. आतला गर्भ तयारच असतो, त्याच्यापर्यंत निरोप पोचत नाही.

निवडुंगाच्या बियांवर आपण हेच गणित लावतो आणि फसतो. ओपुन्शियाचं, म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाच्या जातीचं बी दाताखाली फुटणार नाही इतकं टणक असतं. पण तेही पाणी पितं, असं मेक्सिकोतल्या अभ्यासांत दिसलं आहे. मग अडतं कुठं? उत्तर जातीगणिक वेगळं आहे. म्हणून आधी एक गोष्ट नक्की करावी लागते. पाणी, ऊब, हवा, उजेड सगळं हाताशी असूनही जे कोंब काढत नाही, ते खरं झोपलेलं बी. यातलं काहीतरी कमी आहे म्हणून थांबलेलं बी झोपलेलं नव्हे, ते टपून बसलेलं आहे. झोपलेल्याला उठवावं लागतं. टपलेल्याला फक्त वाट करून द्यायची असते.

(जाता जाता: आपल्या डोंगरांवरचा त्रिधारी निवडुंग या हिशेबात नाही. मोडला की पांढरा चीक येतो तो, आणि कुंपणाचा शेरही, युफोर्बियाच्या कुळातले. खरे कॅक्टस मुळात अमेरिका खंडातले, आणि फड्या निवडुंग तिकडूनच आपल्याकडे आला. नाव मात्र आपण सगळ्यांना एकच देऊन ठेवलंय.)

झोपायचं की टपून बसायचं, हे त्या त्या झाडाच्या मुलखातला पाऊस ठरवतो. अमेरिकेतलं ॲरिझोना आणि त्याला लागून असलेलं मेक्सिकोचं सोनोरा राज्य, या पट्ट्यातल्या वाळवंटात सग्वारो नावाचा खांबासारखा निवडुंग वाढतो. पाश्चिमात्य सिनेमात हात वर करून उभा असतो तो. त्याची फळं जूनमध्ये पिकून उकलतात. जूनच्या अखेरीला किंवा जुलै लागता लागता तिकडचा पाऊस सुरू होतो. त्यालाही तिकडे मान्सूनच म्हणतात. तिथले मूळचे रहिवासी तोहोनो ओओधाम लोक लांब काठ्यांनी ही फळं उतरवतात, रस आंबवून मद्य करतात आणि ते पिऊन पावसाला बोलावतात. एका फळात दोन हजारांच्या आसपास बारीक काळ्या बिया असतात. थोडक्यात, सग्वारो धूळपेरणी करतो. मृगाच्या तोंडावर आपला कोरडवाहू शेतकरी जसा पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीत बी टाकून मोकळा होतो, अगदी तसा.

अशा बियांना झोप परवडत नाही. मुंग्या, पाखरं, उंदीर यांच्या तावडीतून सुटलेलं बी पहिल्या चांगल्या पावसात उगवलं तर उगवलं. पुढच्या वर्षीच्या पावसापर्यंत जमिनीत त्यातलं जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. पाऊस हुकला तर सग्वारोची दुबार पेरणी थेट पुढच्या वर्षीच्या फळांतूनच होते. तो दीडशे वर्षं जगतो, त्याला ते जमतं. उगवलेलं रोपसुद्धा पालो वेर्देसारख्या एखाद्या झाडाच्या सावलीत सापडलं तरच तगतं, आणि दहा वर्षांचं झालं तरी उंचीला आपल्या अंगठ्याएवढंही नसतं.

ओपुन्शियाचा हिशेब वेगळा. त्याच्या कित्येक जातींची फळं पावसाळा सरल्यावर पिकतात आणि बी पडतं ते थंडी-कोरडीच्या तोंडावर. तेव्हा घाईनं उगवलेलं रोप मरणारच. म्हणून त्याचं ताजं बी उगवायला नाखूश असतं, आणि वर्षभर कोरडं ठेवलेलं जुनं बी बहुधा ताज्यापेक्षा चांगलं उगवतं. बी जितकं ताजं तितकं बरं, हा भाजीवाल्याचा नियम इथे उलटा लागतो. शिवाय एकाच फळातल्या बिया एकदम जाग्या होत नाहीत. काही यंदा, काही पुढच्या पावसात, काही त्याच्याही पुढच्या. दुबार पेरणीचं बियाणं हे झाड जमिनीतच राखून ठेवतं.

आता उजेडाकडे येतो, कारण काकांची कुंडी तिथेच अडली होती. १९५२ साली अमेरिकेत मेरिलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी शेती संशोधन केंद्रात बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्युसच्या भिजवलेल्या बियांवर एक गंमत दाखवून दिली. लाल प्रकाशाचा झोत दिला की बी उगवतं. त्याच्या मागोमाग अतिलाल प्रकाश, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा पट्टा, दिला की उगवण थांबते. पुन्हा लाल दिला की पुन्हा सुरू. कितीही वेळा आलटून पालटून द्या, शेवटचा झोत कुठला होता तेवढंच बी लक्षात ठेवतं. बियांच्या आतलं हे बटण म्हणजे फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य. पुढे १९५९ मध्ये अल्कॉर्न आणि कुर्ट्झ यांनी सग्वारोच्या बियांचा असाच अभ्यास केला. त्यांनाही उजेड लागतोच, असं निघालं.

का लागतो? खसखशीएवढ्या दाण्यात शिदोरी ती किती असणार. ज्वारीचा दाणा दोन इंचांवरून मातीला धडका देत वर येऊ शकतो, कारण त्याच्या पोटात पीठ भरलेलं आहे. मॅमिलेरियाचं बी एवढ्या खोलीवर उगवलं तर वाटेतच उपाशी मरेल. म्हणून ते उजेडाची वाट बघतं. उजेड म्हणजे आपण जमिनीच्या वरच्या थरात आहोत याची खूण. निवडुंगाच्या बारीक बियांच्या बहुतेक जाती अंधारात उगवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. मोठ्या बियांच्या ओपुन्शियांना त्याची तेवढी फिकीर नसते. तेव्हा बारीक बी पेरायचं नाही, नुसतं पसरायचं. फार तर वर तांदळाच्या कणीएवढ्या खड्यांचा विरळ थर द्यायचा, म्हणजे मुळांना आधार मिळतो आणि फटींतून उजेडही जातो.

वाळवंटातल्या पावसाचा दुसरा त्रास असा, की तो शिंतोडे टाकून पळून जातो. त्या ओलीवर बी भिजतं, फुगतं आणि कोंब फुटायच्या आतच माती पुन्हा वाळते. आपल्याकडे अशा पावसावर उगवलेलं पीक करपतं आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पावर काम करणाऱ्या जोसेफ दुब्रोव्स्की यांनी १९९६ साली तिथल्या निवडुंगांच्या बियांबद्दल एक शोध मांडला. भिजून वाळलेलं बी वाया जात नाही. पुन्हा पाणी मिळालं की ते मागच्या वेळी जिथवर पोचलं होतं तिथून पुढे चालू लागतं आणि पहिल्यांदाच भिजणाऱ्या बियांच्या आधी कोंब काढतं. त्यांनी याला बियांची ओलीची आठवण म्हटलं. कुंडीवाल्याला यातून फुकटचा उपाय मिळतो: बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, टिपकागदावर सावलीत पूर्ण वाळवायचं, आणि असं दोनदा करून मग पसरायचं. सगळ्याच जातींत याचा फायदा दिसेल असं नाही, पण नुकसान काही होत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. बी फुगलं म्हणजे जिवंत आहे, असं धरून चालू नये. मेलेलं बीसुद्धा पाणी शोषून तितकंच टपोरं दिसतं.

आता खऱ्या झोपाळूंकडे. ओपुन्शियाच्या बियांभोवती फिकट, हाडासारखं एक वेष्टण असतं. ते बियांच्या देठापासून तयार होतं आणि बियांना सगळीकडून आवळून बसतं. पाणी आत जातं, पण आतलं मूळ ते फोडून बाहेर पडायला ताकद अपुरी पडते, आणि ताज्या बीत तर गर्भच पुरता तयार नसतो. मध्य मेक्सिकोतल्या संशोधकांना या कामी एक अनपेक्षित मदतनीस सापडला, तो म्हणजे बुरशी. मातीतल्या काही बुरश्या हे वेष्टण कुरतडून पोखरतात आणि मग मुळाला वाट मिळते. ज्या बुरशीच्या भीतीनं आपण माती शिजवून घेतो तीच इथे कुलूप उघडते. मला ही माहिती कळली तेव्हा निर्जंतुक वाळूत दीड वर्ष पडून राहिलेल्या माझ्या ओपुन्शियाच्या बिया आठवल्या आणि हसू आलं.

घरी करायचं ते असं. फड्या निवडुंगाची लाल बोंडं उन्हाळी सुट्टीत खाल्लेल्यांना त्याच्या बारीक कुसळांबद्दल सांगायला नको. फळ चिमट्यानं धरावं. बी काढून धुऊन वर्षभर कागदाच्या पाकिटात कोरडं ठेवावं. मग जिथे बियांचा देठ जोडलेला होता तिथे, नेलकटरनं अगदी कपचाभर वेष्टण तोडावं. गर्भ बियांच्या कडेनंच वळसा घालून बसलेला असतो, त्यामुळे कडा सरसकट पॉलिशपेपरवर घासली तर आपण त्यालाच सोलतो. त्यानंतर तीन-चार दिवस रोज पाणी बदलत भिजवावं आणि बागेतल्या साध्या मातीत अर्धा इंच खाली टोचावं. गंधकाम्लात बुडवायचा उपाय पुष्कळ जण सांगतात. प्राण्यांच्या पोटातून गेलेलं बी उगवतं, त्याची ती नक्कल. प्रयोगशाळेत त्याचे निकाल उलटसुलट आलेत, आणि घरातल्या ओट्यावर ती बाटली उघडावी इतकं मोल कुठल्याच निवडुंगाचं नाही.

जीएबद्दल नाशिककरांना सांगायची गरज नाही. द्राक्षाच्या प्रत्येक बागेत 'किती पीपीएम मारलं?' ही बोली चालते ती याचीच. जिबरेलिक ॲसिडची मुळं जपानी भातशेतीत आहेत. तिथे भाताची काही रोपं एकाएकी उंच, फिकट होऊन कोलमडायची. शेतकरी त्यांना 'बकानाए' म्हणजे मूर्ख रोपं म्हणत. कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवून दिलं की हा एका बुरशीच्या स्रावाचा प्रताप आहे, आणि १९३५ साली याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिलं. पुढे कळलं की झाडं स्वतःही ते बनवतात. बियांमध्ये अबसिसिक ॲसिड 'थांब' म्हणतं आणि जिबरेलिन 'चल' म्हणतं. या दोघांच्या ओढाताणीत कोण वरचढ ठरतो त्यावर उगवण ठरते. बिनबियांच्या द्राक्षाचा मणी बारीक राहतो, कारण मणी फुगवणारं जिबरेलिन पुरवायला आत बीच नसतं. म्हणून तिथे ते बाहेरून द्यावं लागतं.

ओपुन्शियासारख्या हट्टी बियांना ५०० पीपीएमच्या द्रावणात २४ तास ठेवून बघायला हरकत नाही. म्हणजे १०० मिली पाण्यात ५० मिलिग्रॅम. भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, ती आधी थेंबभर अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते. पण जे बी फक्त उजेडाअभावी थांबलंय त्याला जीएची गरज नाही. मी हौसेनं मॅमिलेरियाला दिलं तेव्हा रोपं दोन दिवस आधी आली खरी, पण दोऱ्यासारखी लांब आणि पांढुरकी, स्वतःचं डोकं न पेलणारी. जपानी शेतकऱ्यांचं नाव किती नेमकं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

थंडीचा उपाय मोजक्यांसाठी आहे. ओपुन्शिया फ्रॅजिलिस ही बुटकी जात कॅनडातल्या पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत बर्फात तग धरते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठारावरचे पेडिओकॅक्टस आणि स्क्लेरोकॅक्टसही त्याच पंथातले. हिवाळा सरल्याची खात्री झाल्याशिवाय ही मंडळी उठत नाहीत. त्यांचं बी ओल्या वाळूत मिसळून, डबीत बंद करून दीड-दोन महिने फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. कोरडं बी फ्रिजमध्ये ठेवलं तर ते नुसतं टिकतं, जागं होत नाही. हे उपद्व्याप पुण्या-ठाण्यात करावेत का? मला विचाराल तर नाही. रोप आलं तरी आपला पावसाळा त्याला मानवत नाही.

सुरुवात करायची असेल तर ड्रॅगन फ्रूट आणा. सांगली-सोलापूरकडे हल्ली त्याच्या बागा झाल्यात, गुजरात सरकारनं २०२१ मध्ये त्याचं नाव 'कमलम' ठेवलं, आणि ते सरळ सरळ कॅक्टसचं फळ आहे. शेतकरी कांड्या लावतात, कारण बियांपासून आलेलं रोप फळ धरायला फार वर्षं घेतं. आपल्याला फळ नकोय, हात बसवायचाय. चमचाभर गर चहाच्या गाळणीत घेऊन नळाखाली बोटानं चोळा, बुळबुळीत आवरण पुरतं जाईपर्यंत. उगवण रोखून धरणारा माल गरात असतो, म्हणून तर फळाच्या आत बी उगवत नाही. धुतलेलं बी कागदावर एक दिवस वाळवा.

वाळू चाळून घ्यायची, बारीक धूळ टाकून द्यायची, त्यात तिसरा हिस्सा कोकोपीट. ओलसर करून जुन्या डब्यात भरून कुकरमध्ये अर्धा तास. या कामाला वेगळा कुकर ठेवा, नाहीतर घरात बोलणी खावी लागतात. गार झाल्यावर तळाला भोकं असलेल्या डब्यात भरायचं, डबा पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाणी चढू द्यायचं, वरचा पृष्ठभाग काळसर ओला झाला की बाहेर. बी मिठासारखं चिमटीनं भुरभुरायचं. पारदर्शक पिशवीत डबा ठेवून तोंड बांधायचं आणि भरपूर उजेड पण ऊन नाही, अशा खिडकीत ठेवायचं. तापमान २० ते ३० अंशांत असावं, २५ च्या आसपास उत्तम. एप्रिलच्या उन्हात ही पिशवी म्हणजे दुसरा कुकर होतो, हे मी एकदा दुपारी दोन तासांत शिकलो.

ड्रॅगन फ्रूटचे कोंब चौथ्या ते आठव्या दिवसांत दिसतात. ॲस्ट्रोफायटमचं टोपीच्या आकाराचं मोठं बी तर कधी कधी तिसऱ्याच दिवशी उलतं. भिंग घेऊन बघा: आधी पांढरं मूळ वाकून वाळूत शिरतं, त्याच्या मानेवर लव येते, मग हिरवा मणी उभा राहतो. ड्रॅगन फ्रूटला दोन ठसठशीत बीजपत्रं असतात. गोल निवडुंगांत ती इतकी आखडलेली, की मण्यावर नुसते दोन उंचवटे दिसतात. डोक्यावर रिकामं टरफल टोपीसारखं अडकलं तर ओढू नका, वरून पाण्याचा फवारा द्या. दोन-तीन आठवड्यांत मधोमध पहिले काटे येतात, केसांसारखे मऊ.

इथून पुढे शत्रू एकच, बुरशी. एका रोपाभोवती कापसासारखी जाळी दिसली की ते रोप भोवतालच्या वाळूसकट चमच्यानं उचलून फेकायचं, दया दाखवायची नाही. रोपं लालसर झाली तर ऊन जास्त, लांबुडकी झाली तर उजेड कमी. पिशवी दोन-तीन महिन्यांनी, तीही एकदम नाही, आधी टाचणीनं भोकं पाडून आठवडाभरानं उघडायची. वर्षभर त्यांना हलवू नये.

काकांची अकरापैकी सात रोपं आज वाटाण्याएवढी आहेत. आता त्यांनी गावाकडून फड्या निवडुंगाची बोंडं आणलीत आणि बी पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवलीय. तुम्हीही लावणार असाल तर एवढंच सांगतो: गोल निवडुंगाच्या डब्यात महिन्यात काही दिसलं नाही तर चूक शोधा, पण ओपुन्शियाची कुंडी निदान दोन पावसाळे तरी रिकामी समजून उपडी करू नका.